वाईच्या बोळांतून सायकलवर: उतार धरा, नदी लागेल

चेनपडली

दिवाळीत चार दिवस वाईला मामाकडे होतो. ढोल्या गणपती, मेणवली, पाचगणी हे सगळं लहानपणापासून इतक्यांदा झालंय की या वेळी कुठे जायचंच नव्हतं. जिन्याखाली मामेभावाची जुनी काळी बावीस इंची सायकल धूळ खात पडलेली दिसली. दोन्ही चाकांत हवा नाही, मागची व्हॉलट्यूब कुजलेली, एक ब्रेक फक्त शोभेला. ढकलत दुकानात नेली. दुकानदाराने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, तीन ठिकाणी बुडबुडे आले. तो म्हणाला, "ट्यूब बदला की साहेब, ठिगळं किती लावू?" बदलली. ब्रेकचे रबर नवे घातले, चेनला तेल पाजलं. पुढचे तीन दिवस सकाळी साडेसहा ते नऊ मी आणि ती सायकल. गावाबाहेर जायचं नाही, मुख्य रस्ता लागला की लगेच वळायचं, एवढाच नियम.

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत हरवलो. वाईत हरवलो हे सांगायलाही लाज वाटते, पण मुख्य बाजारपेठ सोडून आत शिरलात की बोळ कुठे वळतो आणि कुठे कोणाच्या परसात संपतो याचा नेम नाही. दोनदा तर थेट लोकांच्या न्हाणीघराच्या दाराशी पोचलो. दुसऱ्यांदा एका आजींनी मला पाहिलं, आश्चर्य काही दाखवलं नाही, आणि म्हणाल्या, "उतार धर बाळा. उतार धरलास की नदी लागंल, नदी लागली की समजंल."

ही गोष्ट चालताना कधी लक्षात आली नव्हती. गाडीवर तर येणारच नाही. पण बिनगिअरच्या सायकलवर उतार आधी मांड्यांना कळतो, डोळ्यांना नंतर. सपाट वाटणाऱ्या गल्लीत पायडल मारणं थांबवलं तरी सायकल आपली निघालीय, म्हणजे आपण कृष्णेकडे चाललोय. पायडल जड झालं की पेठेकडे. दोन दिवसांत मी रस्ते पाठ करायचे सोडूनच दिले.

मग हळूहळू गावाचा नकाशा उलटा झाला. आपण गाव बघतो ते रस्त्याकडून. एसटी स्टँड, चौक, दुकानं, आणि मग 'मागे' त्या आळ्या, आणि त्याच्याही मागे घाट. पण आळ्यांची नावं बघा. रामडोह, भीमकुंड, गंगापुरी. डोह, कुंड, गंगा. पत्ता पाण्यावरून सांगायचा गाव आहे हा. प्रत्येक आळीला स्वतःचा घाट, आणि प्रत्येक घाटाची स्वतःची कृष्णाबाई, म्हणजे नदीची देवी. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही धरून सात ठिकाणी उत्सव होतो, एकामागून एक. रविवार पेठ पेठच राहिली, ती बाजाराची. पण आळ्या नदीच्या. ज्याला आपण मागची बाजू म्हणतो ते गावाचं तोंड होतं. रस्ता मोठा झाला आणि गावाने कूस बदलली.

घरंही हेच सांगतात. रस्त्याच्या बाजूला शटर, फ्लेक्स, काचा. तेच घर नदीकडच्या बोळातून बघितलं तर चिऱ्याचं जोतं, वर पक्क्या विटा, कोनाडे, नक्षीच्या चौकटीत छोटा दिंडी दरवाजा. काही ठिकाणी दार आहे पण आत वाडाच नाही, नुसता उंबरठा आणि पलीकडे पपईची झाडं.

ढोल्या गणपतीच्या पुढून सगळे फोटो काढतात. मी सायकल वर लावून घाटावर उतरलो आणि देवळाच्या मागे गेलो. मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. १७६२ सालचं काम. पुढे एवढा मोठा गणपती असल्यावर मागची भिंत कोण बघणार, पण मला ती जास्त आवडली.

तिसऱ्या दिवशी नियम मोडून मेणवलीला गेलो, तीनच किलोमीटर. त्यावर काही लिहीत नाही, भरपूर लिहिलं गेलंय.

तुमच्या गावच्या बोळांचं सांगा. आणि वाईकर कोणी असतील तर मला काय काय दिसलंच नाही तेही.

सुपारीबाग

मस्त. 'उतार धरा' हे आमच्याकडे चालणार नाही हो, रेवदंड्यात सगळं सपाट. आमच्याकडे वास धरायचा. सुकट वाळत घातल्याचा वास आला की कोळीवाडा, ओल्या पाचोळ्याचा आला की वाडी. आमचं गाव पोर्तुगीजांच्या कोटाच्या आतच वसलंय, मोठा रस्तासुद्धा तटाला भेदून जातो. एसटी त्या दरवाज्यातून अंग चोरून जाते. पण खरी मजा वाड्यांमधल्या पायवाटांवर. दोन्ही बाजूंना गडगा (दगडी कुंपण), वर सुपारी, मधे जेमतेम हॅन्डल मावेल एवढी जागा. समोरून कोणी नारळाचं ओझं घेऊन आलं की सायकल उचलून गडग्यावर ठेवायची, दुसरा इलाज नाही.

फुकटसल्ला

लेख आवडला, पण बिनगिअरची बावीस इंची आणि एक ब्रेक? हे धाडस नाही, आळस आहे. बोळात पेव्हर ब्लॉक असतील तर दवाने निसरडे होतात. पुढचा ब्रेक एकटा दाबलात तर डोक्यावर पडाल. हेल्मेट?

चेनपडली

@फुकटसल्ला ब्रेक दोन्ही झाले होते, लिहिलंय की! हेल्मेट नव्हतं, कबूल. वेग मात्र माणसाच्या चालीएवढाच. जिथे आजी ओट्यावर पाय सोडून बसलेल्या असतात तिथे वेगाने जायची हिंमत होत नाही.

पेव्हर ब्लॉकचं बरोबर आहे. गणपती आळीकडून उतरताना एकदा मागचं चाक सरकलं. पडलो नाही, पण समोरच्या दारातल्या मुलाला फार आशा वाटत होती.

दगडधोंडे

छान निरीक्षण. थोडी भर.

वाईच्या घाटांवरची मोठी देवळं मुख्यतः रास्ते घराण्याची. काशीविश्वेश्वर १७५७ चं, आनंदराव भिकाजी रास्त्यांचं. ढोल्या गणपती १७६२ चा, गणपतराव भिकाजी रास्त्यांचा. महालक्ष्मीचं देऊळ १७७८ चं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच लेक. पेशव्यांशी सोयरीक आणि सरदारी हे दोन्ही एका घरात आलं की त्याचे दगड कुठे लागतात ते वाईत दिसतं.

तुमचा मुद्दा मात्र अर्धाच पटला. 'गावाचं तोंड नदीकडे' हे आळ्यांपुरतं खरं. वाई ही आदिलशाहीत सुभ्याची जागा होती, अफझलखान इथला सुभेदार. कचेरी, सैन्य, बाजार यांचं तोंड रस्त्याकडेच असणार. गावाला दोन तोंडं होती असं म्हणा. गंमत अशी की कृष्णाबाईच्या उत्सवाची परंपरागत कथाही त्याच खानाशी जोडलेली आहे. संकट टळू दे, तुझा उत्सव करीन, असा नवस कृष्णामाईला बोलला गेला, असं सांगतात. म्हणजे रस्त्याने आलेलं संकट आणि नदीला केलेला नवस.

मेणवलीवर लिहीत नाही म्हणालात म्हणून मी लिहितो. घाटावरची ती घंटा वसईची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांकडे आल्या, त्यातली ही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली तिची बहीण. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत, नीट बघा पुढच्या वेळी. नाना फडणवीसांच्या वाड्यात त्यांचं अख्खं दफ्तर होतं, हे तर सगळ्यांना माहीत असतंच.

तीन किलोमीटर गेलात तर आणखी थोडं जाऊन भोगावला कवी वामन पंडितांची समाधी बघायला हवी होती. 'सुश्लोक वामनाचा' शाळेत सगळ्यांनी घोकलंय, समाधीला कोणी जात नाही.

चेनपडली

@दगडधोंडे दोन तोंडं मान्य. भोगावचं माहीतच नव्हतं. मामाला विचारलं तर म्हणाला, "मलाही कोणी विचारलं नव्हतं."

घाटपायरी

मी आळीतच राहते. कोणती ते सांगत नाही. लेख चांगला आहे, राग मानू नका, पण एक बोलायचंय.

तुम्ही साडेसहाला आलात म्हणजे आमची पाणी भरायची वेळ. बोळ चार हात रुंद. त्यात नळाची पाइप, बादल्या, दुधवाला, शाळेला निघालेली पोरं. त्यात सायकल घेऊन कोणी दरवाज्यातून आत डोकावतं आणि म्हणतं 'वा, काय नक्षी आहे'. तुम्ही केलं असेल असं नाही म्हणत. पण हल्ली शनिवार-रविवारी घोळकेच्या घोळके येतात, कॅमेरे गळ्यात. गेल्या वर्षी एकाने माझ्या सासूबाईंचा तुळशीला पाणी घालतानाचा फोटो न विचारता काढला. कोणीतरी तो आम्हालाच पाठवला, खाली लिहिलेलं, 'हरवत चाललेलं गाव'. सासूबाई म्हणाल्या, "मी कुठं हरवले?"

आणि पपईच्या झाडांचं. तो वाडा पडला तेव्हा आतल्या भाडेकरूंना दोन महिन्यांत जागा शोधावी लागली. पाच भाऊ, वाटण्या झालेल्या, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर कोर्ट. लाकडं वाळवीने खाल्लेली. तुम्हाला उंबरठा दिसला, आम्हाला पावसाळाभर ती भिंत आमच्या अंगावर येते की काय ही भीती.

चेनपडली

@घाटपायरी ताई, राग कशाचा? एकदा मीही डोकावलो होतो. आतून "कोण पाहिजे?" आलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घराच्या आतले फोटो एकही काढले नाहीत, पण पपईबद्दल मी जे लिहिलं ते लांबून लिहिलं हे खरं. सासूबाईंना नमस्कार सांगा.

सकाळी पाण्याची वेळ नसेल असं कधी यावं?

घाटपायरी

दुपारी चारला या. सगळे झोपून उठलेले असतात आणि बोलायला कोणीतरी हवंच असतं. आणि एकदा माघ-फाल्गुनात या. उत्सवाच्या वेळी आमचा घाट बघा, मग आळी म्हणजे काय ते कळेल. शेजारच्या आळीचा मंडप आमच्यापेक्षा मोठा झाला तर आम्ही वर्षभर त्याबद्दल बोलतो.

सुपारीबाग

"मी कुठं हरवले" 😄 सासूबाईंना दंडवत.

कृष्णाकाठची

खूप दिवसांनी इथे लिहितेय. माझं माहेर वाई, ब्राह्मणशाही. आता पुण्यात असते, गुडघ्यांमुळे फारसं जाणं होत नाही. धागा मुलीने वाचून दाखवला आणि मग मीच चष्मा लावून दोनदा वाचला.

सायकल मी वाईतच शिकले, सातवीत. स्वतःची सायकल कोणाकडे होती तेव्हा! तासावर भाड्याने मिळायची. दुकानदार वहीत नाव, आळी आणि वडलांचं नाव लिहायचा. वडलांचं नाव लिहिलं की सायकल मोडली तरी त्याला काळजी नाही. लेडीज सायकल एकच, ती नेहमी बाहेर गेलेली असायची, म्हणून मी नळीच्या सायकलवर शिकले. नळीखालून पाय घालून हाफ पायडल. परकर चेनमध्ये अडकून फाटला की आईला खोटं सांगायचं, बोरीच्या काट्याला लागला. आईला सगळं कळायचं. वाईत तेव्हा इतक्या बोरी नव्हत्या.

तुम्ही लिहिलेला उतार मला झोपेतसुद्धा आठवतो. ब्रेक लावायला कोणी शिकवलंच नव्हतं, कारण भाड्याच्या सायकलला तो लागायचाच नाही. मग थांबायचं कसं? चढाच्या बोळात वळवायची. आम्हा मुलींना कुठल्या वळणावर चढ लागतो ते पाठ होतं. आणि ते चुकलं तर पुढे घाटाच्या पायऱ्या. माझी एक मैत्रीण सायकलसकट चार पायऱ्या उतरली होती. पाचवीवर म्हैस बसलेली होती म्हणून थांबली.

एक विचारायचंय. आमच्या आळीतून नदीकडे जाताना डाव्या हाताला एक अरुंद बोळ होता. वळणावर वाड्याच्या कोपऱ्याला एक उभा दगड पुरलेला होता, माझ्या कमरेएवढा, डोकं गुळगुळीत झालेलं. पूर्वी बैलगाड्यांचे आख भिंतीला घासू नयेत म्हणून लावलेला. त्या दगडाला माझं डावं पायडल हमखास लागायचं. नडगीवर अजून खूण आहे. तो दगड आहे का अजून? पुन्हा गेलात तर बघाल का? घाई नाही.

दगडधोंडे

@कृष्णाकाठची ताई, फार सुंदर. असे दगड जुन्या पेठांत सगळीकडे असायचे. रस्ता रुंद करताना सगळ्यात आधी तेच जातात, कारण ते कोणाच्याच मालकीचे नसतात.

फुकटसल्ला

चढाच्या बोळात वळवून थांबायचं! हे मी माझे शब्द मागे घेण्याइतकं भारी आहे. सल्ला एकच: नडगीचा फोटो टाकू नका, नाहीतर कोणीतरी खाली 'हरवत चाललेलं गाव' लिहील.

अक्षरओळख

मी वाईचा नाही, पण दोन वर्षं कामानिमित्त तिथे राहिलो. गंगापुरीत विश्वकोशाचं कार्यालय आहे तिकडे रोज सायकलने जायचो. ('विश्वकोशात काम करता का?' असं लोक विचारायचे. नाही हो, शेजारी भाड्याने राहायचो.) मला त्या गोष्टीचं नेहमी नवल वाटायचं. एवढा मोठा ज्ञानकोश मुंबईत नाही, पुण्यात नाही, या आळीत. विश्वकोशाचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकले, इथेच राहिले, आणि विश्वकोशाचं काम आलं तेव्हा ते काम वाईला आलं, शास्त्रीबुवा मुंबईला गेले नाहीत. पहिला खंड १९७६ चा. म्हणजे ज्या बोळात तुम्ही हरवलात तिथून कुठल्याशा नोंदीचं मुद्रित तपासून कोणीतरी सायकलच्या कॅरिअरला लावून घरी नेत असेल. ही माझी कल्पना, पुरावा मागू नका.

हळदीच्या दिवसांतला वास कोणीच लिहिला नाही. शिजवलेली हळद वाळत घातली की शहाबागेकडून येताना नाकात बसायचा. @सुपारीबाग, वास धरायचा म्हणालात म्हणून आठवलं.

चेनपडली

@कृष्णाकाठची ताई, काल परत गेलो होतो. मामीला फराळाचे डबे परत द्यायचे होते, हे निमित्त. या वेळी घाटपायरीताईंचं ऐकून दुपारी चारला निघालो.

तुमचा बोळ सापडायला वेळ लागला, कारण तोंडाशी चार मोटारसायकली लावलेल्या होत्या आणि मी तीनदा पुढे निघून गेलो. ओट्यावर बसलेल्या एका काकांना विचारलं, "इथे कोपऱ्याला दगड होता का?" ते म्हणाले, "होता म्हणजे? त्यावर तर बसतो आम्ही."

दगड आहे. पण तो आता कमरेएवढा नाही, जेमतेम वीतभर वर आहे. दगड खचलेला नाही, बोळ वर आलाय. काँक्रीट, त्यावर डांबर, त्यावर परत काँक्रीट, मग ब्लॉक. तेव्हा मला लक्षात आलं की त्या बोळातल्या सगळ्या जुन्या घरांत चढून नाही, उतरून जावं लागतं. काकांच्या दारात तर दोन पायऱ्या खाली. पावसाळ्यात पाणी आत येतं म्हणून उंबऱ्यावर विटांचा एक थर रचलाय. म्हणजे जो उतार पाणी नदीकडे न्यायचा तोच आता काही घरांत नेतो. मागे मी उताराचं फार कौतुक केलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं नाही.

दगडाचं डोकं तुम्ही म्हणालात तसंच गुळगुळीत. एका बाजूला आडवी खाच आहे, बोट बसेल एवढी. काका म्हणाले ती आखाची. फोटो काढला, विचारून. खाली टाकलाय.

कृष्णाकाठची

बघितला. तोच आहे. खाचेच्या वर बारीक काळी रेघ दिसते का तुम्हाला? मोठं करून बघा. ती आखाची नाही. ती आमच्या पायडलची.

ते काका ओट्यावर बसलेले, त्यांच्या उजव्या हाताला सहावं बोट आहे का?

चेनपडली

नाही ताई. पण त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, दगडाची चौकशी कोण करतंय. मी म्हटलं, इथली एक माहेरवाशीण, भाड्याच्या सायकलवर हाफ पायडल मारायची. ते म्हणाले, "नळीच्या सायकलवर? मग तिला सांगा, तिचे साडेतीन रुपये राहिलेत. वही अजून माळ्यावर आहे."